लाजेनं वजन उतरत नाही

नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातल्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा मुलं रांगेनं वजनकाट्यावर चढतात. साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरपट्ट्यातल्या आश्रमशाळेत पथकाची नजर हडकुळ्या दंडांवर आणि फिक्या पापण्यांवर असते. खाली सटाणा, नामपूर अशा बाजारपेठेच्या गावांत मात्र तोच काटा आता दुसरंही काही दाखवू लागला आहे. सातवी-आठवीतला एखादा मुलगा काट्यावर चढतो, आकडा मोठ्यानं वाचला जातो, मागून कोणी तरी ‘ढोल्या’ म्हणतं आणि रांग हसते. आकडा वहीत जातो. हसणं कुठल्याच रकान्यात जात नाही.

आकडा आणि हसणं या दोन्हींचा मुलाच्या पुढच्या आयुष्याशी संबंध आहे, आणि एकमेकांशीही आहे. मुलाचं वाढलेलं वजन त्याच्या मनाला आजारी करू शकतं, आणि आजारी मन वजन वाढवू शकतं. दोन्ही एकदा सुरू झालं की कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे घरच्यांनाच काय, डॉक्टरांनाही सांगणं अवघड जातं. म्हणून या प्रकरणात ताट आणि मन यांचा विचार एकत्रच करायचा आहे.

एकाच तालुक्यात दोन टोकं

आधी आकडे पाहू. मार्च २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या वजन-उंचीच्या नोंदींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजानुसार १९९० मध्ये भारतात ५ ते १९ वर्षं वयाची सुमारे ४ लाख मुलं लठ्ठ होती. २०२२ मध्ये ती संख्या १ कोटी २५ लाखांवर गेली. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या बालकांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १.९ टक्के होतं, पाचव्या फेरीत ते ४.१ टक्के झालं. त्याच पाचव्या फेरीत राज्यातलं दर तिसरं बालक वयाच्या मानानं ठेंगणंही भरलं. उपासमार संपून लठ्ठपणा आला असं झालेलं नाही. दोन्ही एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच घरात नांदताहेत.

मनाच्या आजारांची मोजणी आपल्याकडे फार उशिरा सुरू झाली. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होतं, ग्रामीण भागात ६.९ टक्के. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही ग्रामीण भागाचा आकडा सटाण्यासारख्या गावानं गंभीरपणे घ्यावा असाच आहे. शंभर मुलांच्या शाळेत सहा-सात मुलं उदास, भयभीत किंवा अस्वस्थ असतील, तर ती कोण, हे तिथल्या किती शिक्षकांना सांगता येईल?

बाळसं आणि चरबी

आपल्याकडे मूल गुटगुटीत असणं ही आईच्या कर्तृत्वाची पावती समजली जाते. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात हे साहजिक आहे. आजीनं आपल्या लहानपणी रिकामा डबा पाहिलेला असतो, म्हणून ती नातवाच्या ताटात आणखी अर्धी भाकरी सरकवते. पण आपल्या मुलांचं शरीर एका बाबतीत फसवं आहे, आणि ते पुण्यातल्या संशोधनानं जगाला दाखवलं.

के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे पाऊण किलोनं हलकी होती. मात्र त्यांच्यात कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची, कातडीखालची चरबी बरीचशी टिकून होती. म्हणजे बाळ दिसायला बारीक आणि आतून मेदयुक्त. २००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचं एक छायाचित्र छापलं. दोघांचा उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, नेमका २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी आपले वेगळे तक्ते काढले. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा त्यात मोठा वाटा आहे. मोठ्यांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २७ च्या पुढे लठ्ठपणा, अशा आशियाई लोकांना लागू पडणाऱ्या मर्यादा धरून मुलांच्या वयानुसार रेषा आखल्या गेल्या. मुलाचा बीएमआय काढायची रीत मोठ्यांचीच आहे: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उत्तराचा अर्थ मात्र वय आणि मुलगा-मुलगी पाहून तक्त्यावरच लावायचा असतो. नुसत्या नजरेनं ‘अंगानं भरलाय’ म्हणून सोडून देता येत नाही.

या गोष्टीचा मनाशी संबंध कुठे येतो, तर घरच्यांच्या वागण्यात. सात-आठ वर्षांपर्यंत ज्या मुलाच्या गुबऱ्या गालांचं कौतुक होतं, त्यालाच बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर ‘किती खातोस रे!’ असं ऐकावं लागतं. मुलीच्या बाबतीत तर ‘उद्या लग्न कसं जमायचं’ इथपर्यंत गोष्ट जाते. ज्या ताटातून आजवर माया मिळाली, तेच ताट एकाएकी गुन्हा ठरतं. मुलाच्या शरीरात वयात येण्याची उलथापालथ चालू असतानाच नेमकं हे घडतं.

मनाकडून वजनाकडे

उदास मूल जाड का होतं? काही मुलांची भूक नैराश्यात मरते, काहींची वाढते. वाढते तेव्हा ओढ गोडाकडे आणि तेलकटाकडे जाते. दीर्घकाळ ताण असला की मेंदूच्या आदेशावरून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त सोडत राहतात. कॉर्टिसॉल भूक वाढवतं आणि पोटाभोवती चरबी साठवायला मदत करतं. गोड-तेलकट पदार्थ काही वेळ खरोखरच बरं वाटायला लावतात, त्यामुळे दुःख झालं की खायचं ही सवय मेंदूत रुजते. मूल ‘हावरट’ नसतं. त्याला सापडलेलं ते एकमेव औषध असतं, आणि ते पाच-दहा रुपयांच्या पुडीत शाळेसमोरच्या टपरीवर मिळतं.

दुसरी वाट झोपेची. काळजीनं किंवा मोबाइलमुळे झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं. तिसरी वाट मैदानाची. उदास मूल खेळायला जात नाही. खेळ सुटला की मित्र सुटतात, आणि मित्र सुटले की उदासी वाढते.

अमेरिकेत ९,००० हून अधिक किशोरवयीन मुलांचा वर्षभर पाठपुरावा करणारा गुडमन आणि व्हिटेकर यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला जी मुलं उदास होती, त्यांच्यात वर्षानंतर लठ्ठपणाचा धोका जास्त आढळला. किशोरवयीनांवरच्या अशा अनेक अभ्यासांची २०१६ मध्ये एकत्र छाननी झाली. तिच्यात नैराश्य असलेल्या मुलांना लठ्ठपणाचा धोका ७० टक्क्यांनी जास्त, आणि लठ्ठ मुलांना नैराश्याचा धोका ४० टक्क्यांनी जास्त दिसला. बाण दोन्हीकडे आहेत आणि मनाकडून वजनाकडे जाणारा अधिक ठळक आहे. आपण मात्र वजनाचीच चर्चा करत बसतो.

अवधान टिकत नाही, सतत चुळबुळ चालते असा एडीएचडी हा विकार असलेल्या मुलांतही लठ्ठपणा इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळतो. थांबणं जमत नाही ते अभ्यासात, तसंच खाण्यातही. अशा मुलाला ‘मन आवर’ म्हणून सांगण्यात अर्थ नसतो, कारण आवरण्याची यंत्रणाच कमकुवत असते.

घरातला ताणही मुलाच्या अंगावर उतरतो. बागलाण आणि आसपासच्या कसमादे पट्ट्यानं तेल्या रोगामुळे डाळिंबाच्या बागा उपटून टाकलेल्या पाहिल्या आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आल्यावर भाव कोसळलेले पाहिले आहेत. बाप रात्रभर जागा, आई गप्प, घरात हप्त्याची बोलणी, अशा घरातलं मूल काही विचारत नाही, पण ते ऐकत असतं. त्या दिवसांत जेवणाच्या वेळा मोडतात. पोरानं त्रास देऊ नये म्हणून हातात मोबाइल आणि पुडी दिली जाते. आई-वडिलांचं नैराश्य हा मुलांच्या मानसिक आजाराचा ज्ञात धोका आहे. म्हणून मुलाकडे पाहताना घराकडेही पाहावं लागतं.

वजनाकडून मनाकडे

उलटा प्रवास बराचसा लोकांच्या जिभेवरून होतो. १९६१ मध्ये अमेरिकेत १०-११ वर्षांच्या मुलांना सहा मुलांची चित्रं दाखवली गेली. एक निरोगी, एक कुबड्यांवरचं, एक चाकांच्या खुर्चीतलं, एकाला हात नाही, एकाच्या चेहऱ्यावर व्यंग आणि एक लठ्ठ. कोण जास्त आवडतं ते क्रमानं सांगायचं होतं. लठ्ठ मूल शेवटी गेलं. २००३ मध्ये लॅटनर आणि स्टंकार्ड यांनी हाच प्रयोग पुन्हा करून प्रसिद्ध केला, तेव्हा नावड आणखी वाढलेली निघाली. मधल्या चाळीस वर्षांत लठ्ठ मुलांची संख्या वाढली, पण त्यांच्याबद्दलची दया वाढली नाही.

हे सोसणाऱ्या मुलांना काय वाटतं? सॅन दिएगोतल्या १०६ अतिलठ्ठ मुलांना २००३ च्या एका अभ्यासात त्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल विचारलं गेलं. त्यांनी आपल्या जगण्याला दिलेले गुण कर्करोगाचे उपचार घेणाऱ्या मुलांइतकेच कमी होते. स्वीडनमध्ये लठ्ठपणावर उपचार घेणाऱ्या १२,००० हून अधिक मुलांची तुलना इतर मुलांशी झाली, तो अभ्यास २०२० मध्ये आला. चिंता आणि नैराश्य यांचा धोका लठ्ठ मुलींत ४३ टक्क्यांनी आणि मुलांत ३३ टक्क्यांनी जास्त होता. घरची आर्थिक स्थिती आणि आई-वडिलांचे मानसिक आजार हिशेबात घेऊनही फरक उरलाच.

चरबी शरीरात सौम्य दाह निर्माण करते आणि त्याचा मेंदूवर परिणाम होतो, हा यातला एक दुवा आहे. पण ब्रिटनमधल्या प्रौढांच्या जनुकीय माहितीवरचा २०१९ चा अभ्यास आणखी काही सांगतो. काही जनुकं चरबी वाढवतात, पण मधुमेह-हृदयविकाराचा धोका वाढवत नाहीत. अशी जनुकं असणाऱ्यांतही नैराश्य जास्त दिसलं. म्हणजे शरीराची रसायनं फारशी बिघडलेली नसतानाही वाढलेलं वजन मनाला खातं. उरतं ते लोकांचं पाहणं आणि बोलणं.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत २,३७९ मुलींना त्या १० वर्षांच्या असताना विचारलं होतं, ‘तू फार जाड आहेस, असं तुला कोणी म्हणालं आहे का?’ ज्यांना कोणी म्हणालं होतं, त्या १९ व्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त निघाली, आणि म्हणणारं घरचं माणूस असेल तर अधिकच. त्या दहाव्या वर्षी किती जाड होत्या, हे हिशेबात घेऊनही निष्कर्ष बदलला नाही. टोमण्यानं मूल सुधारतं हा आपल्या घराघरांतला समज इथे खोटा ठरतो. टोमणा खाल्लेलं मूल चारचौघांत कमी खातं आणि नंतर एकटं असताना चोरून जास्त खातं. पोट भरलेलं असतानाही थांबता येत नाही आणि मग स्वतःची किळस येते, असं वारंवार घडू लागलं की तो स्वतंत्र आजार असतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं २०१३ मध्ये त्याला वेगळ्या निदानाचा दर्जा दिला.

दोन गोष्टी ज्या विचारायलाच हव्यात

पहिली, औषधं. तीव्र मानसिक आजारावरची काही औषधं वजन झपाट्यानं वाढवतात. २००९ मध्ये ४ ते १९ वर्षांच्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. मनोविकारावरची औषधं प्रथमच सुरू केलेल्या या मुलांचं वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिननं सरासरी साडेआठ किलो, रिस्पेरिडोननं पाच किलोंहून थोडं जास्त वाढलं. औषध न घेणाऱ्यांचं वजन जवळपास तेवढंच राहिलं. ही औषधं मेंदूतली पोट भरल्याची जाणीव बोथट करतात. घाबरून गोळी आपल्या मनानं बंद करणं मात्र धोक्याचं आहे, आजार उसळी मारून परत येतो. पहिल्या दिवशी वजन, कंबर, साखर यांची नोंद करून घ्यावी, दर भेटीत वजन तपासून घ्यावं आणि डॉक्टरांना मोकळेपणानं विचारावं. बऱ्याचदा औषध बदलता येतं किंवा जोडीला दुसरं देता येतं.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. १९८० च्या दशकात सॅन दिएगोचे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचा दवाखाना चालवत होते. ज्यांचं वजन छान उतरत होतं, तेच रुग्ण उपचार अर्धवट सोडून का जातात, हे त्यांना कळेना. त्यांनी मुलाखती घेतल्या. अनेकांचं लहानपणी लैंगिक शोषण झालेलं होतं आणि वजन त्यानंतरच वाढू लागलं होतं. काहींसाठी जाड शरीर हे संरक्षण होतं: कोणी आपल्याकडे त्या नजरेनं पाहू नये. यातूनच १९९८ मध्ये बालपणीच्या आघातांवरचा प्रसिद्ध अभ्यास निघाला. एखाद्या मुलाचं किंवा मुलीचं वजन अचानक वाढू लागलं, वागणं बदललं, विशिष्ट माणसाजवळ जायला ते नाकारू लागलं, तर आहाराचा तक्ता देण्याआधी विश्वासानं, एकांतात विचारलं पाहिजे. मदतीसाठी १०९८ हा बालकांचा क्रमांक आहे आणि २०१२ चा पॉक्सो कायदा आहे.

शरीराची कारणंही डॉक्टरांनी पाहायला हवीत. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातल्या दोन चुलत भावंडांबद्दल केंब्रिजच्या संशोधकांनी लिहिलं. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो होतं. त्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर भूक आटोक्यात आली. असा दोष अतिदुर्मीळ आहे, पण खाण्याची ओढ ही मुलाची नियत नसून शरीराची गोष्ट असू शकते, हे त्यातून कायमचं सिद्ध झालं.

घर, शाळा, दवाखाना

उपाय घरापासून सुरू होतात आणि ते सगळ्या घराचे असतात. अमेरिकेतले लिओनार्ड एपस्टाइन यांनी १९९० मध्ये दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दाखवलं, की पालक आणि मूल या दोघांनीही सवयी बदलल्या तिथे परिणाम सर्वांत चांगला टिकला. एकट्या मुलाला उकडलेलं आणि बाकीच्यांना शेवभाजी, हे चालत नाही. बाजरीची भाकरी, उडदाची डाळ, भरीत, पालेभाजी हे या मुलखाचं जेवण मुळातच चांगलं आहे. गोड पेयं आणि पुड्या घरात आणूच नयेत, म्हणजे मनाई करत बसावं लागत नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि किशोरांना ८ ते १० तास झोप लागते. त्यासाठी रात्री सगळ्यांचेच मोबाइल बाहेरच्या खोलीत राहावेत. रोज तासभर खेळ हवा आणि तो मुलाला आवडणारा हवा. व्यायाम शिक्षा म्हणून दिला की तो सुटतो. उपाशी राहून वजन उतरवण्याचे मनचे प्रयोग टाळावेत, त्यातून खाण्याचे विकार सुरू होतात.

शाळेनं वजन आडोशाला घ्यावं आणि आकडा फक्त मुलाला व पालकांना सांगावा. शरीरावरून चिडवणं ही गंमत न मानता छळ मानावा, आणि तो वर्गशिक्षकांनी पहिल्या दिवशीच थांबवावा. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. शाळा समितीच्या बैठकीत तो वाचून दाखवायला खर्च येत नाही.

जिल्हा रुग्णालय नाशिकला, सुमारे ९० किलोमीटरवर. मजुरी बुडवून दर महिन्याला तिथे जाणं सोपं नाही, म्हणून सुरुवात सटाण्याच्या ग्रामीण रुग्णालयातून करावी. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दोन आठवड्यांहून जास्त उदासी, आवडता खेळ सुटणं, झोप बिघडणं, शाळेला जायला नकार, अन्न लपवून खाणं यांतलं काही दिसलं तर फोन करावा. मूल मरणाबद्दल बोललं तर ते ‘नाटक’ समजू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

वजन जास्त असलेलं प्रत्येक मूल मनानं आजारी नसतं, आणि उदास मूल बारीकही असू शकतं. पण वजनासाठी आलेल्या मुलाच्या मनाची चौकशी आणि मनासाठी आलेल्या मुलाच्या वजनाची नोंद, एवढा नियम प्रत्येक दवाखान्यानं पाळला तरी पुष्कळ मुलं वेळेवर सापडतील. आणि पालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वाढत्या वयात वजन उतरावंच लागतं असं नाही. ते आहे तिथे थांबलं आणि उंची वाढत राहिली, तरी पुष्कळ मुलांचा बीएमआय खाली येतो. म्हणून सहा महिन्यांनी किती किलो कमी झाले एवढंच मोजू नका. मूल गाढ झोपतं का, मैदानावर जातं का, चारचौघांत न लाजता जेवतं का, मनातलं घरी सांगतं का, हेही मोजा. ही चार उत्तरं ‘हो’ असतील, तर उपचार योग्य दिशेनं चालले आहेत.